घोडदळाची टोपी आणि चार अक्षता

आमच्या मोरेश्वरांनी हयातभर पेशंटना भूल दिली आणि रिटायर झाल्यावर स्वतःच भुलले, तेही टोप्यांना. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ठाण्यांवर जे फौजी अधिकारी होते, त्यांच्या टोप्या. इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये अशा सतरा आहेत. माझ्या लोणच्यांना जागा नाही, पण त्यांना काचेचं कपाट.

त्यातली एक निळी, घोडदळाची, फार लाडकी. अधिकारी टोपी पदरच्या पैशांनी घ्यायचे, त्यामुळे पुष्कळदा आतल्या चामडी पट्ट्यामागे नाव लिहून ठेवायचे. हिच्यात ते असेल का, हा अकरा वर्षं यांच्या डोक्यातला किडा. पण उसवून बघायचं नाही. मूळ टाका तोडला की टोपी बाटली, असा या छांदिष्ट मंडळींचा नियम. यंदा यांचे डोळे गेले. कडेचं दिसतं, समोरचा चेहरा दिसत नाही. "नाव वाचायचं राहूनच जाणार," एकदा म्हणाले. म्हटलं, मग उसवा की. नाही म्हणजे नाही.

खंडेनवमीला मी घरातली सगळी हत्यारं पुजते. सुरी, लॅपटॉप, यांचा जुना स्टेथोस्कोप, गाडीसुद्धा. यंदा वाटलं, टोप्यांनी काय पाप केलंय? हळदकुंकू नाही लावलं, तेवढी अक्कल आहे मला. नुसत्या उताण्या मांडल्या आणि अक्षता वाहिल्या. चार दाणे घरंगळले ते नेमके त्या निळ्या टोपीच्या पट्ट्यामागच्या फटीत.

"तांदूळ राहिले तर किडे होतील. शैलजा, तू ना..." एवढं म्हणून हे दोन तास टोपी मांडीवर घेऊन बसले. मग स्वतःच छोटी कात्री आणून माझ्या हातात दिली.

मी टाके उसवले, दाणे काढले. हे शेजारी भिंग घेऊन बसलेले, त्याचा काही उपयोग नव्हता तरी.

"काय लिहिलंय?"

नाव नव्हतं. मनात आलं, द्यावं एखादं ठोकून, कोण बघतंय? पण यांच्याशी खोटं बोलणं मला पन्नास वर्षांत जमलेलं नाही.

"नाव नाही हो. वर्तमानपत्राची जाड घडी आहे. टोपी सैल होत असणार, म्हणून कोंबलीय."

मला वाटलं, आता खचणार. तर म्हणाले, "घाल माझ्या डोक्यात."

अकरा वर्षांत त्यांनी ती कधी घातली नव्हती. मी घातली. आत कागद नव्हता, तरी कपाळावरच अडकली. हे बोटांनी कडेकडेनं चाचपत राहिले.

"मलाच होत नाही. त्याला तर कागद कोंबावा लागला, म्हणजे डोकं केवढंसं असेल गं? पोरगेलासाच असणार. आमची आई शाळेचा शर्ट असाच घ्यायची, वाढत्या अंगाचा."

त्यांनी टोपी काढली. कागद मागून घेतला, जुन्या घडीच्या रेषांवरून बोट फिरवत पुन्हा तशीच घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली.

"हे आत घाल आणि शिव. नाहीतर सैल होईल त्याला."