हुशार रक्ताची काठी

मी एक जुनी काठी आहे. हिर्डोशीच्या डोंगरावर चिव्याच्या, म्हणजे भरीव बांबूच्या, बेटात वाढले. बासष्ट साली तिथल्याच सोनबाने मला तोडले, विस्तवावर शेकून सरळ केले आणि भोरच्या केशवराव वकिलांना भेट दिले. "सायेब, भरीव हाय. मोडायची न्हाई," तो म्हणाला. केशवरावांच्या पायाचा अंगठा तेव्हा वांग्यासारखा सुजायचा.

मित्रांनो, सुरुवातीचे दिवस मानाचे होते. कोर्टात लोक मला बघूनच वाट देत. मग पुण्याच्या डॉक्टरांनी केशवरावांचे रक्त तपासले आणि युरिक अ‍ॅसिड फार वाढल्याचे सांगितले. गोळ्या दिल्या आणि गमतीने म्हणाले, "युरिक जास्त असलेली माणसं डोक्यानं तल्लख असतात, असं काही परदेशी डॉक्टर म्हणतात."

झाले. गोळ्या खिडकीबाहेर गेल्या. "डोक्याचं इंधन कमी करू काय?" केशवराव विचारत. अंगठ्यातून कळ आली की ते कण्हत आणि मनातून खूशही होत. एवढ्यावर थांबतील तर ते केशवराव कसले? त्यांनी मुलाचे, उपेंद्रचेही रक्त तपासून घेतले. त्याचे युरिक कमी निघाले.

उपेंद्रला वकील व्हायचे होते आणि तो अभ्यासात चांगला होता. केशवरावांनी माझे टोक त्याच्या कपाळावर टेकवले. "रक्तातच नाही, तर डोक्यात कुठून येणार? कारकुनी कर." त्याला कोर्टात कारकून म्हणून चिकटवले आणि पक्षकारांसमोर 'पांचट रक्ताचा' म्हणून हाक मारू लागले. लोक हसत. उपेंद्र खाली मान घालून कागद लावत राही.

काही वर्षांनी केशवराव विसरू लागले. आधी तारखा, मग नावे, मग घराची वाट. ते युरिकमुळे की वयामुळे, मला काय ठाऊक? उपेंद्रने मला खुंटीवरून काढले, तेव्हा वाटले, वडिलांना आधार द्यायला नेतो आहे. तो रोज त्यांच्या सुजलेल्या अंगठ्यावर मला टेकवून विचारी, "आज वार कोणता, तल्लख साहेब?" उत्तर चुकले की मारी. मला फार लाज वाटे.

एकदा ते कळवळून म्हणाले, "मारू नका हो. माझा उपेंद्र फार हुशार आहे. तो आला की तुम्हाला बघून घेईल."

एवढे ऐकायला उपेंद्रने अर्धे आयुष्य वाट पाहिली होती. त्याचा हात वरच थांबला. डोळे भरून आले. मला वाटले, आम्ही सुटलो.

मग हात सपकन खाली आला.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला बंबात घाला. सोनबा खरे बोलला होता. मी अजून मोडलेली नाही.