सापेरावीचा मांडव

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस मार्चमधला एक शनिवार होता. सावली गावातल्या आमच्या घरामागे, वेलीच्या मांडवाखाली, त्यांनी एक काळं द्राक्ष नखानं फोडून माझ्यासमोर धरलं.

"पाह्य रिना. बाकीची काळी द्राक्षं आतून पांढुरकी राह्यते. हे आतूनई लाल."

सापेरावी. मूळचं जॉर्जियातलं, लाल वाइनचं द्राक्ष. आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी नाशिकच्या एका मित्राकडून कलमं आणली. वाइन त्यांना करायची नव्हती. आपल्या उन्हात ही वेल तग धरते का, एवढंच पाहायचं होतं. आल्यागेल्याला ते रस देत. आंबट, दाट, बोटं रंगवणारा.

कुंपणापलीकडून मोठेबाबा चालले होते. इसरू, बाबांचे थोरले भाऊ, गावातल्या बुद्धविहार समितीचे अध्यक्ष.

"दादा, एक घोट घेऊन पाह्य ना," बाबा म्हणाले.

"नशा न करण्याचं पाचवं शील मोडून राह्यला तू. आन नाव तरी काय, सापेरावी. नावातच साप हाय."

"रस हाय दादा. दारू नाई."

"आज रस हाय."

ते थांबले नाहीत. वेल लावल्यापासून त्यांनी बाबांना विहारात वंदना म्हणू दिली नव्हती. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी मानेनंच मला नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. झोपेतच हृदय बंद पडलं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला, मृत्यूनंतरच्या विधीला, पंचशील मोठेबाबांनीच म्हणवून घेतलं. पाचव्या शीलाला त्यांचा आवाज चढला. जेवणाची पानं मांडायच्या आत ते कुऱ्हाड घेऊन मागच्या दाराकडे निघाले.

"माह्या भावाच्या, सोमाजीच्या नावाले लागलेला डाग आजच काढून टाकतो."

"आजचा दिवस राहू द्या," आई म्हणाली.

"तुले नाई समजत, अंजना."

मी मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभी राहिले. मागोमाग सगळे पाहुणे आले.

"हट वो पोरी. कॉलेजात शिकवतं म्हणून मले शिकवशीन का?"

"मोठेबाबा, तुमच्या बांधावरच्या मोहाची फुलं दरसाल भट्टीवाल्याच्या घरी जाते. तो त्याची दारू काढते. गावाले माहीत हाय, बाबालेई माहीत होतं. भाऊ हाय म्हणून त्यायनं मले कधी बोलू नाई देल्लं. आता थांबवाले ते नाई. आधी तो मोह तोडा. मंग माह्या बापाच्या वेलीले हात लावा."