छत्तीसवाला

वरठीच्या धान उत्पादक संस्थेनं कॉम्प्युटर आणला तो सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीत. पुढच्या पोळ्यापर्यंत त्याच्यावर झाकलेला पिवळा टॉवेल दोनदा धुऊन झाला. त्याच्या बाबतीत यापेक्षा जास्त काम झालं नाही.

तसा तो बिघडलेला नव्हता. बटण दाबलं की गुरगुरायचा, काचेवर हिरवी अक्षरं दाखवायचा. पण सभासदांना अक्षरं पाहायची नव्हती, धानाची पावती हातात पाहिजे होती. पावती छापणारा प्रिंटर शेजारच्याच टेबलावर होता, पण रुसून माहेरी बसल्यासारखा. दोघांना जोडणारी केबल नव्हती. कॉम्प्युटरच्या पोटात प्रिंटरसाठी एक हिरवी पाटी बसवलेली होती, तिला कार्ड म्हणत. ते कार्ड कुठल्याशा अप्रसिद्ध घराण्यातलं असल्यामुळे त्याला चालवणारी फ्लॉपीही त्याच घराण्यातली लागायची, आणि तीही नव्हती. नागपूरच्या ज्या हापिसातून हा संसार उचलून आणला, ते हापिस उठून गेलं होतं. केबल कुठं गेली, हे सांगायला मागं कुणी उरलं नव्हतं.

"कार्ड आहे म्हंता, त मंग त्याच्यावर रॉकेल काहून भेटत नाई?" असं एका सभासदानं विचारलं होतं. एकूण परिस्थिती पाहता प्रश्न गैर नव्हता.

कॉम्प्युटर घ्या, असा आग्रह हेडक्लार्क वासुदेवरावांचा. म्हणून अध्यक्ष भैय्याजींनी त्यांनाच बोलावलं.

"वासुदेवराव, आमसभा आली. सभेत मशीनीतून कागद निघाला त तुमचं भलं. नाई निघाला त बपेऱ्याच्या गोदामावर जा. तिथं भल्ले उंदीर झाले. त्यायच्यावर शिकलेला माणूस पाहिजे."

बपेऱ्याबद्दल वासुदेवरावांचं वाईट मत नव्हतं. पण पलीकडे मध्य प्रदेश आणि अलीकडे पोती, एवढ्यात उरलेली नोकरी काढायची म्हणजे जिवावर येत होतं. वरठीत त्यांचं घर स्टेशनाच्या मागं होतं. संध्याकाळी हापिस सुटलं की प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकावर बसायचं, पान लावायचं आणि हावड्याची गाडी आज किती लेट आहे यावर पोर्टरशी वाद घालायचा, हे त्यांचं सुख. बपेऱ्याला रूळच नाही, तर गाडी लेट कुठून होणार?

ते पोस्टात गेले आणि नागपूरला सीताबर्डीच्या एका रेडिओवाल्याला ट्रंक कॉल लावला. लाइन मिळाली, पण ओरडल्याशिवाय पलीकडे काही पोचत नव्हतं.

"पंचवीसची बाजू आमच्याकडं आहे!" वासुदेवराव ओरडले. "पंचवीस! हो! तिकडून छत्तीसचा पाहिजे!"

पोस्टातल्या रांगेनं कान टवकारले.

"नर! हो हो, नरच पाहिजे! आता हे काय विचारणं झालं?... जुना चालेल! वापरलेला असला तरी हरकत नाही! फक्त जुळला पाहिजे!"

वस्तुस्थिती इतकीच होती, की कॉम्प्युटरच्या कार्डाला पंचवीस छिद्रं होती, प्रिंटरला छत्तीस खाचा होत्या, आणि ज्या टोकाला पिना असतात त्याला या धंद्यात नर म्हणतात. पण रांगेत गोमाजी उभे होते. गोमाजींना शेती होती, पण छंद लग्न जुळवण्याचा. वासुदेवरावांची निर्मला बी. कॉम. होऊन घरी बसली आहे आणि तिला पंचविसावं लागलं आहे, हे त्यांना तिच्या बापापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बिचारा बाप भर पोस्टात ओरडतो, वापरलेला चालेल म्हणतो! गोमाजींना गलबलून आलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वासुदेवरावांना रस्त्यात गाठलं.

"तुमचं काम माह्या कानावर आलं. काळजी नोका करू. एक छत्तीसवाला आहे माह्या नजरेत."

"काय सांगता! कुठं?"

"मूळचा कोंढ्याचा. आता नागपूर लाइनीवर असते. रविवारी घेऊन येतो."

कोंढ्यासारख्या गावात केबल कशी पोचली, याचं वासुदेवरावांना आश्चर्य वाटलं. पण गरजवंतानं फार आश्चर्य करू नये. घरी जाऊन त्यांनी रत्नाबाईंना, म्हणजे आपल्या कुटुंबाला, रविवारी पोहे करायला सांगितलं.

रविवारी गोमाजी एकटेच ओसरीवर चढले.

"आणला का छत्तीसवाला?" वासुदेवरावांना धीर नव्हता.

"आणला जी. बाहेर आहे, निंबाखाली. म्हटलं पयले आपण बोलून घेऊ."

"बाहेर काहून ठेवला? वाकंल-बिकंल ना."

"नाई वाकत. भल्ला ताठ आहे."

"याच्याआधी कुठं जोडला होता?"

गोमाजींनी खाकरून घसा साफ केला. "लपवत नाई तुमच्यापासून. एकदा जोडला होता, पवनीकडं. दोन साल टिकलं. मंग फारकत झाली."

"ढिला असंल."

"छे हो! खोट तिकडचीच होती. पंचानं लिहून देल्लं आहे."

केबलीचा पंचनामा कशाला, हे वासुदेवरावांना कळलं नाही. पण गोमाजी चेष्टेखोर माणूस.

"पिना साऱ्या शाबूत आहेत ना? एक बी तुटली असंल त मले चालत नाई."

आता हे गोमाजींना कळलं नाही. पण पोरीचा बाप काय वाटेल ते विचारतो, आणि आपण हो म्हणायचं, हा त्यांचा इतक्या वर्षांचा शिरस्ता होता. "साऱ्या शाबूत," ते ठामपणे म्हणाले.

"मंग असं करू. दोन दिवस हापिसात ठेवून घेतो. लावून पाहतो. जुळला त ठीक, नाई त वापस."

"वापस?" गोमाजी ताडकन उठले. "लावून पाहता? अवो बापा, भल्या घरचा पोरगा आहे तो! सोयरीक जोडाची बी पद्धत असते का नाई?"

आतून कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसत असल्याचा आवाज आला. पदर रत्नाबाईंचा होता, हसणारी निर्मला होती.

गलका ऐकून छत्तीस वर्षांचा भोजराज निंबाखालून ओसरीपाशी आला. इस्त्रीचा बुशशर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. त्यानं नमस्कार केला. वासुदेवरावांनी त्याचे दोन्ही रिकामे हात नीट पाहिले आणि विचारलं, "केबल?"

पुढचा अर्धा तास फार अवघड गेला. गोमाजींनी पोह्यांना हात लावला नाही. हा त्यांच्या निषेधाचा सर्वांत कडक प्रकार होता. अखेर भोजराजच शांतपणे म्हणाला, "मी एसटीत कंडक्टर आहो. भंडारा-नागपूर रोजच्या दोन चकरा. काय पाहिजे ते कागदावर काढून द्या. आणतो."

चित्र निर्मलानं काढलं. एका टोकाला पिनांच्या दोन रांगा, एक तेराची, एक बाराची. दुसरं टोक रुंद, छत्तीसचं.

"अन् हे असं काहून?" भोजराजनं बोट ठेवलं.

"दोन्हीकडून नर आहे ते," निर्मला म्हणाली. "म्हणून भेटत नाई कुठं. दोन नर एका दोरीनं बांधायचे म्हणजे कठीणच."

ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली होती. विषय पाहता संकोचाला जागा उरली नाही.

भोजराजनं पहिल्यांदा आणली ती केबल दोन्ही बाजूंनी पंचवीसची होती. ती परत गेली. दुसरी दोन्ही बाजूंनी छत्तीसची निघाली. दुकानदारालाही ती कशाची ते माहीत नव्हतं. तिसरी दिसायला बरोबर होती, पण मादी होती. दर खेपेला भोजराज स्वतः घरी यायचा, निर्मला पिना मोजायची, चहा व्हायचा. चौथी इतवारीच्या भंगारात एका मेलेल्या प्रिंटरच्या शेपटीला लोंबकळत सापडली, ती बसली. ती पहिल्याच आठवड्यात सापडली असावी, अशी रत्नाबाईंना शंका होती. पण चहा त्याच करत होत्या, आणि त्यांनी साखर काही कमी केली नाही.

फ्लॉपी मिळाली धरमपेठेतल्या एका टायपिंग क्लासात. त्यांच्याकडे याच घराण्याचं कार्ड होतं. आमसभेच्या आदल्या दुपारी वासुदेवरावांनी ती यंत्रात सरकवली, दार लावलं. यंत्र कुरकुरलं आणि काचेवर इंग्रजीत एक नकार उमटला. कार्डाची माहिती फ्लॉपीवर लिहून ठेवल्याशिवाय ते पुढं सरकणार नव्हतं, आणि फ्लॉपी म्हणत होती, माझ्यावर लिहायला मनाई आहे.

"झालं. बपेरा," वासुदेवराव म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले.

निर्मला डबा घेऊन आली होती, भोजराज फ्लॉपी घेऊन. तिनं नवी फ्लॉपी बाहेर काढली, हापिसातल्या एका जुन्या फ्लॉपीला चिकटवून धरली आणि खिडकीच्या उजेडात नेली.

"बाबा, जुनीवर लिहिता येते, अन् तिले बाजूनं खाच आहे. इले नाई."

"मंग?"

"मंग इले बी पाडून पाहू."

भोजराजनं खांद्यावरच्या चामडी पिशवीतून तिकिटं टोचायचा चिमटा काढला. निर्मलानं जुनी वर धरून जागा दाखवली. "अर्धं भोक कडेवर आलं पाहिजे."

"अरे बापा, फोडान ना!" वासुदेवराव ओरडले. "एकच आहे ते!"

कट्ट. गर्दीच्या गाडीत उभ्यानं टोचतात तसा एका हातानं. भोजराजनं कड फुंकली आणि फ्लॉपी परत दिली. "बसा आता. टिकट झालं."

यंत्र कुरकुरलं. थांबलं. पुन्हा कुरकुरलं. मग वर्षभर मुका असलेला प्रिंटर असा काही किंचाळला की बाहेर धानावर बसलेली कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी आमसभेत पहिली पावती भैय्याजींच्या हस्ते टिकाराम नावाच्या सभासदाला देण्यात आली. त्यानं ती उलटसुलट पाहिली. अक्षरं सगळी इंग्रजी होती.

"हे काय लिवलं आहे?"

"तुमचं नाव," वासुदेवराव म्हणाले.

"माह्यं नाव एवढं लंबं नाई."

पण दोन्ही कडांना ओळीनं भोकं असलेला असा कागद त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. त्यानं घडी न घालता तो टोपीत ठेवला. मग सगळ्यांनाच पावती पाहिजे झाली. ज्यांचं धान अजून शेतात उभं होतं त्यांनाही.

सभा संपल्यावर भैय्याजींनी वासुदेवरावांच्या पाठीवर थाप मारली.

"मानलं तुमाले! आता हे मशीन सारं आपल्या आपण करते, त इथं तुमचं काय काम? बपेऱ्याच्या गोदामावर बी एक घेऊन देऊ. तुमच्याशिवाय ते कोण जोडंल?"

तुळशीचं लग्न झालं, त्यानंतर निर्मलाचं झालं. फारकतीचं काय, असं रत्नाबाईंनी मुलीला एकदा विचारलं होतं. त्यावर निर्मला म्हणाली, "आई, तीन केबली वापस नेणारा माणूस आहे तो. चिडला का एकदा तरी?" गोमाजी लग्नात तीनदा जेवले.

आणि एका सोमवारी वासुदेवराव वळकटी घेऊन तुमसरच्या स्टँडवर बपेऱ्याच्या गाडीत बसले. मांडीवर नवी केबल होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. जावयानं त्या दिवसापुरती ड्यूटी बदलून घेतली होती. गाडी सुटल्यावर तो गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत आला. पान तोंडात असल्यामुळे वासुदेवरावांनी नुसती मान हलवली.

भोजराजनं तिकीट काढलं, चिमट्यानं टोचलं आणि अदबीनं त्यांच्या हातात दिलं.

वासुदेवरावांनी खिडकीतून पिंक टाकली. "जावईबापू, जायचं झालं. यायचं बी देऊन टाका ना एक."

"रिटर्न नाई देता येत, मामाजी," भोजराज म्हणाला. "एसटीत तशी सोय नाई." आणि पुढच्या सीटकडे वळला.