पहिली फेरी

फनवाडीचं फाटक पूर्वी कसं उघडायचं, हे आताच्या माणसांना सांगून पटत नाही. वसईच्या खाडीकडच्या अंगाला गंगारामशेठची केळीची आणि पानवेलींची वाडी होती. ती मोडून शेठनी तिथे पाळणे, चक्र्या आणि घसरगुंड्या उभ्या केल्या, तेव्हा अख्खा गाव हसला. म्हातारा चळला म्हणाले. शेठ हुशार होते आणि हट्टीही तेवढेच. पहिल्याच दिवशी त्यांनी रीत घालून दिली, की लोकांची पोरं बसण्याआधी आपली पोरं बसतील. आपली म्हणजे फनवाडीत राबणाऱ्यांची. त्यात शेठचा स्वतःचा नातू प्रणवही आला.

तर रोज सकाळी, बाहेर लोक फाटकाला नाक लावून उभे असताना, आत ही फौज गोळा व्हायची. सुट्टीच्या दिवशी ढीगभर, एरवी दुपारच्या शाळेवाली चारदोन. कुणाच्या डोक्यावर तेल थापलेलं, कुणाच्या हातात अर्धा पाव. गावच्या बँडमधला फ्रेडरिक रात्री लग्नात कॉर्नेट फुंकून यायचा आणि डोळे मिटत असतानाही इथे एक चाल वाजवायचा. नारळ फुटायचा. मग प्रत्येक पाळण्यावर त्या पाळण्याच्या मिस्त्रीनं आपलं पोर, आणि आपलं नसेल तर फौजेतलं एखादं, स्वतःच्या हातानं बसवायचं, पट्टा लावायचा आणि बटण दाबायचं. ही पहिली फेरी. ती झाली की फाटक उघडायचं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. एखाद्या दिवशी मिस्त्रीनं पोर बसवलं नाही, तर तो पाळणा त्या दिवशी बंद. का, कसं, काय झालं, कुणी विचारायचं नाही. पोर मागे घेतलं की शेठ नुसती मान हलवायचे आणि पाळण्यापुढे दोरी बांधायला सांगायचे. बोलावं लागत नव्हतं म्हणून तर ते जमत होतं. नाहीतर मालकाच्या तोंडावर 'तुमचं यंत्र बिघडलंय' म्हणायची छाती किती जणांची असते?

शेठ गेले, फ्रेडरिकही गेला, फनवाडी प्रणवच्या हातात आली आणि सगळं बदललं. विम्याच्या लोकांनी सांगितलं की कामगारांची पोरं आत दिसता कामा नयेत. फाटकाशी डीजे आला. ढॅण ढॅण करत दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजायचे, रंगीत धूर सोडायचा, दोरी खाली टाकायची आणि लोकांनी मेंढरांसारखं धावत सुटायचं, ही झाली नवी रीत. ज्यांनी जास्तीचे पैसे भरले ते सोनेरी पट्टी मनगटाला बांधून सगळ्यांच्या आधी आत. पहिली फेरी आता त्यांची. पाळणे तपासायचे म्हणजे काय, तर प्रत्येक मिस्त्रीनं वॉकीटॉकीवर 'ओके' म्हणायचं. बस, संपलं. एका शब्दात काम!

व्हिव्हियन हा 'गरुड' नावाच्या पाळण्याचा मिस्त्री, फनवाडी सुरू झाल्यापासूनचा. मधे एक जाडजूड खांब, त्याला लांब हात आणि हातांच्या टोकांना गरुडाच्या तोंडाच्या होड्या. गरगर फिरता फिरता त्या माडाच्या शेंड्याएवढ्या वर जायच्या. होळीपासून त्या खांबाच्या बुडाशी, बेअरिंगमधून, एक कटकट ऐकू येत होती. रोज नाही आणि प्रत्येक फेरीलाही नाही. पण पूर्ण वेग आला की मधेच यायची, आणि ती आली की व्हिव्हियन हातातलं काम टाकून खांबाकडे बघत राहायचा.

मग बोलला का नाही? बोलला, पण कसा, तर घशातल्या घशात. मागच्या वर्षी ऐन सुट्टीत त्यानं असाच आवाज ऐकून गरुड बंद करायला लावला होता. बाहेरून इंजिनिअर आले, सगळं खोललं आणि काही म्हणजे काही सापडलं नाही. प्रणवनं सगळ्यांसमोर हसून म्हटलं होतं, अंकल, आता कानांचीपण सर्व्हिसिंग करून घ्या. कामावरची पोरं खदखदून हसली. तेव्हापासून माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा एक नवा मेकॅनिक त्याच्या आसपास घोटाळायला लागला. साठीकडे झुकलेल्या मिस्त्रीला दुसरीकडे कोण उभं करतं? म्हणून यंदा तो प्रणवला एवढंच म्हणाला, की गरुड थोडा आवाज करतोय. धोका आहे का, असं प्रणवनं विचारलं, तेव्हा हा म्हणाला, तसं नाही, बघतो मी. आणि मग रोज सकाळी 'ओके' म्हणत राहिला. सबंध एप्रिलभर लोकांची पोरं वर गेली आणि खाली आली. हा खाली उभा राहून छातीवर क्रूसाची खूण करायचा. देवाला कामाला लावलं आणि स्वतः गप्प बसला, असाच तो प्रकार होता.

मे महिन्यात फनवाडीला पंचवीस वर्षं होत होती. प्रणवनं सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की आजोबांची पहिली फेरी त्या दिवशी पुन्हा करायची. बोलताना त्याचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं. लहानपणी त्याला त्या गरुडात व्हिव्हियननंच कितीदा बसवलं होतं. विम्याचं एका दिवसापुरतं बघून घेऊ म्हणाला. व्हिडिओ काढणारे येणार होते, कॉर्नेटवालाही शोधून आणणार होते. गरुडात पुढच्या होडीत कोण बसणार हे तर ठरलेलंच होतं. जुन्यातला एकच मिस्त्री उरला होता आणि त्याला दहा वर्षांची मुलगी होती. स्टेफी.

स्टेफी उशिरा झालेली. व्हिव्हियन आणि मार्थानं तिच्यासाठी नऊ-नऊ दिवसांच्या किती नोव्हेना केल्या, किती दवाखाने पालथे घातले, ते त्यांनाच ठाऊक. ती लेक हवेत वर गेलीय आणि खालून कटकट येतेय, हे चित्र व्हिव्हियनच्या डोळ्यांपुढून हलेना. मार्थानं हौसेनं पिवळा फ्रॉक शिवून घेतला आणि स्टेफीनं तर अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं.

आता कुणीही म्हणेल, की बाबा रे, अजून वेळ आहे, जा आणि सांग. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? एप्रिलभर मला माहीत होतं, हेही सांगायचं? तिथे त्याचा पाय अडकला होता. मग त्यानं मनाशी एक तोड काढली. पोर मागे घ्यायचं. शेठच्या वेळची खूणच ती. आपण पोर आणलं नाही की समजायचं ते लोक समजतील, दोरी बांधतील, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. त्याला हे इतकं पटलं की त्या रात्री तो शांत झोपला.

सोहळ्याच्या सकाळी स्टेफी फ्रॉक घालून तयार झाली, तसा त्यानं तिच्या कपाळाला हात लावला आणि अंग गरम आहे म्हणाला. मार्थानं हात लावून पाहिला. कुठे गरम आहे, म्हणाली.

"तापली आहे म्हणतो ना मी. घरातच राहील ती."

एवढा आवाज त्यानं त्या घरात कधी चढवला नव्हता. स्टेफी रडत आत गेली. तो डबा न घेताच निघाला.

फनवाडीत फुलांच्या माळा लागल्या होत्या. कॉर्नेटवाला पोरगा नवीन कोट घालून घाम पुसत होता. व्हिव्हियननं प्रणवला सांगितलं, की माझी मुलगी आज येत नाही. सांगून तो त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. वाट बघत होता बिचारा. शेठसारखी मान हलेल आणि दोरी येईल, या आशेवर.

पण ती खूण वाचणारं तिथे उरलं होतं कोण? प्रणव लहान होता तेव्हा त्याला फक्त वर जाणं आणि खाली येणं ठाऊक. त्यानं विचारलं, बरं नाही का? व्हिव्हियन हो म्हणाला, ताप आहे. प्रणव चुकचुकला, लवकर बरी होऊ दे म्हणाला आणि इकडेतिकडे बघायला लागला. बाकी सगळी एजन्सीची बिनलग्नाची पोरं, त्यांची मुलं कुठून असणार? मग त्याची नजर झाडूवाल्या रखमाबाईवर गेली. मिठागराकडच्या वस्तीतली ही बाई फनवाडीत बरीच वर्षं झाडलोट करायची. मुलगा आणि सून सकाळीच कंपनीत जायचे, म्हणून सुट्टीत ती सात वर्षांच्या नातीला, ऋतिकाला, सोबत आणायची. विम्याची माणसं आली की पोरीला शेडमागे बसवायची. आज कसली लपवालपवी! प्रणवनं ऋतिकाचा हात धरून तिला गरुडापाशी आणलं, तेव्हा रखमाबाईला काय करावं सुचेना. तिनं पदर ओला करून नातीचं तोंड पुसलं आणि केस पुन्हा घट्ट बांधले.

बोलायची वेळ ती होती. ती होती, आणि व्हिव्हियन बोलला नाही. व्हिडिओवाला समोर उभा होता, फाटकाबाहेर गर्दी गलका करत होती. ऋतिका होडीत बसून त्याच्याकडे बघून हसली. व्हिव्हियननं तिचा पट्टा लावला, एकदा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. शेठ असते तर त्यांनी ते पाहिलं असतं. मग त्यानं मागे येऊन बटण दाबलं.

ती फेरी त्याला संपता संपेना. कॉर्नेट वाजत होतं, पोरगी वरून किंचाळत होती, आनंदानंच, आणि कटकट आली. स्पष्ट आली. दुसऱ्या कुणाला ऐकू गेली नाही. एवढा सगळा जन्म काढला आणि आज आपल्या लेकीच्या जागी दुसऱ्याचं लेकरू वर पाठवलं, असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी आपली घरी आहे म्हणून बरंही वाटलं. हे बरं वाटणं त्याला जास्त लागलं. होडी हळूहळू खाली आली. ऋतिका सुखरूप होती.

टाळ्या झाल्या. रखमाबाई हात जोडून त्याच्यासमोर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुमच्या लेकीचा मान माज्या नातीला मिलाला, दादा. कोन देतं असं?"

तिकडे आकडे मोजून झाले, धूर सुटला, दोरी पडली आणि लोक धावत आले. सोनेरी पट्टीवाले गरुडासमोर रांगेत उभे राहिले. ऋतिकाला अजून एक फेरी दे, आजचा दिवस तिचाच, असं प्रणवनं माईकवरून सांगून टाकलं, त्यामुळे ती होडीतून उतरलीच नव्हती. आणि तेवढ्यात त्या गर्दीतून मार्था आली, स्टेफीला घेऊन. ताप नाही, काही नाही, पोरगी रडून रडून हैराण झाली, बाप कसल्यातरी कारणानं चिडला असेल, म्हणून ती रिक्षा करून आली होती. प्रणवला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. स्टेफी पळत आली, होडीत चढली आणि ऋतिकाशेजारी जाऊन बसली. पट्टा तिनं स्वतःच लावायला घेतला.

"उतर," व्हिव्हियन म्हणाला.

स्टेफीला वाटलं पप्पा अजून रागावलेत. बसू दे ना, म्हणाली. प्रणवही हसत म्हणाला, बसू दे की अंकल. व्हिव्हियननं पुढे होऊन लेकीच्या दंडाला धरलं आणि तिला होडीतून खेचून बाहेर काढलं. पिवळ्या फ्रॉकची बाही उसवली.

"यात बसायचं नाही. कळलं? यात तू बसायचं नाही."

प्रणवच्या हातातला माईक चालू होता. ते रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. कॉर्नेट थांबलं. प्रणवच्या तोंडावरचं हसू होतं तसंच राहिलं, आणि मग त्यालाही कळायला लागलं. पण सगळ्यांच्या आधी कळलं ते रखमाबाईला. शिकलेली नाही, यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण कोण कुणाच्या लेकराला कुठून ओढून काढतं, हे बाईला कळायला वेळ लागत नाही. तिनं स्टेफीकडे पाहिलं. मग होडीत एकट्या राहिलेल्या आपल्या नातीकडे पाहिलं.

"आन माजी?" तिनं विचारलं.

रखमाबाई होडीत चढली आणि ऋतिकाचा पट्टा सोडवायला लागली. तिला तो जमेना. व्हिव्हियन मदतीला पुढे झाला, तर ती म्हणाली, हात लावू नको पोरीला. पहिल्यांदाच ती त्याला एकेरी बोलली. मग बाजूची कळ दाब, असं तो लांबूनच सांगत राहिला, आणि ती काही केल्या ऐकेना. शेवटी स्टेफीनं बापाच्या हातातून हात सोडवून घेतला, वर जाऊन ती कळ दाबली आणि ऋतिकाला मोकळं केलं. रखमाबाईनं एवढ्या मोठ्या नातीला कडेवर घेतलं आणि ती फाटकाकडे चालू लागली. मार्था, नवऱ्याकडे न बघता, स्टेफीला घेऊन तिच्या मागोमाग गेली.

व्हिव्हियननं किल्ली काढून घेतली आणि गरुडासमोर दोरी बांधली. रांगेत पुढेच नायगावहून आलेली एक बाई मुलाचा हात धरून उभी होती. बंद आहे का, तिनं विचारलं. तो हो म्हणाला.

"कधीपासून? गेल्या रविवारी तर हा तीनदा बसला."

व्हिव्हियननं त्या मुलाकडे पाहिलं. मुलगा दोरीखालून आत डोकावत होता, आणि त्याची आई उत्तराची वाट बघत उभी होती.