गवत भरलेलं वासरू

नेवी वहिनीचा ताप उतरला, पण दूध आटलं. तेव्हापासून तिची तान्ही मुलगी गाईच्या दुधावर होती. वहिनी नदीच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांची. माहेराहून तिनं आणलेली गाय आणि वासरू ही आमच्या खाडीवरची पहिलीच गुरं. आम्ही वाम, सील आणि शिंपल्यांवर पोसलेली माणसं. दूध प्यायलो की आमची पोटं बिघडत. आई म्हणायची, "वासराचं खाणं माणसानं प्यावं, हे कुठलं शहाणपण?"

एका सकाळी वहिनी झोपेत असताना तोर्गूदादानं वासरू कापलं.

"अर्धं दूध हेच पीत होतं," मांस वाटताना तो म्हणाला. "आता सगळं आपल्या पोरीला."

आम्हा सगळ्यांनाच ते पटलं.

दुपारी गाईनं पान्हा चोरला. पोर रडून निळी पडायला लागली. दादानं आचळ ओढले आणि लाथ खाल्ली.

"ओढ अजून!" आई म्हणाली. "वाम आहे ना ती, ओढली की बाहेर यायला!"

आरड्याओरड्यानं वहिनी उठून आली. वासराची रिकामी जागा तिनं पाहिली.

"कातडं कुठंय?"

"वाळत घातलंय," दादा म्हणाला. "पायताणं करू म्हटलं."

"आण."

"वासरासाठी रडली तरी असती ही," आई माझ्या कानाशी पुटपुटली.

वहिनीनं कातड्यात सुकं गवत कोंबलं, हाडाच्या सुईनं पोट शिवलं, पाठीवर मीठ चोळलं आणि ते गाईच्या तोंडापुढं उभं केलं.

"गवताला भुलेल होय ती?" दादानं विचारलं.

"तू लांब हो. तुझ्या हातांना रक्ताचा वास येतोय."

गाईनं हुंगलं. बराच वेळ नुसतंच हुंगलं. मग जीभ बाहेर काढून ती पाठ चाटू लागली. वहिनी तिच्या मांडीला डोकं टेकून आपल्या भाषेतला गाईसाठीचा शब्द गुणगुणत होती, "मोला, मोला." पहिली धार भांड्यात वाजली. वहिनीच्या बोटावरचं दूध पोरीनं चोखलं आणि तिचं रडणं थांबलं.

आईनं कुणी न सांगता मिठानं भरलेला आणखी एक शिंपला आणून वहिनीजवळ ठेवला.

ती पोर आता स्वतः गाई दोहते. मासे, जाळी, वारा यांना ती आमच्याच नावांनी ओळखते. गाय, दूध, वासरू मात्र वहिनीच्या शब्दांत. खाडीवरच्या सगळ्याच पोरांचं तसं झालंय. आईनं शेवटपर्यंत दुधाला तोंड लावलं नाही. पण गोठ्याशेजारून जाताना ती थांबायची आणि हळूच म्हणायची, "मोला."