अकरा जटा

“गांजाच्या किती?” मिसेस डिमार्कोंनी दबक्या आवाजात विचारलं.

“चौदा,” शरयू म्हणाली.

“आणि बाकीच्या?”

“पाच गाण्यांच्या. एक विणलेल्या टोपीची. एकीवर ‘आळशी लोक’ असं लिहिलंय. आणि एक कोरी.”

मिसेस डिमार्को सातवीला सोशल स्टडीज शिकवायच्या. रास्ताफारी म्हटलं की मनात पहिल्यांदा काय येतं ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, असं त्यांनी मुलांना सांगितलं होतं. चिठ्ठ्या गोळा करून फळ्यावर चिकटवायचं काम शरयूचं, कारण ती वर्गातली मदतनीस. कोरी चिठ्ठी कुणाची, हे नाव नसूनही सगळ्यांना ठाऊक होतं. रास्ताफारी घरातली मुलगी वर्गात एकच होती, मकेदा. ती खिडकीशी बसून पार्किंग लॉटकडे बघत होती.

शरयूला कुणी चिठ्ठी लिहायला सांगितली नाही ते बरंच झालं. पुस्तकात या धर्माबद्दल एक परिच्छेद आणि एक फोटो एवढंच होतं. त्यावर आता तीन तास खर्ची पडणार होते, आणि ते शरयूमुळे. हे मुलांना माहीत नव्हतं. मिसेस डिमार्कोंना माहीत होतं, पण त्या सभ्य बाई होत्या.

शरयू सबनीस अठ्ठावन्न वर्षांची. अमेरिकेत पार्सिपनीला येऊन तिला चोवीस वर्षं झाली. नवरा मोरेश्वर आयटीत, मुलगी लग्न होऊन टेक्ससला. व्हिसा बदलून काम करायची परवानगी मिळाली तशी ती या शाळेत लंच एड म्हणून लागली. सांडलेलं दूध पुसणं आणि सफरचंद फेकणाऱ्यांना दटावणं यात सहा वर्षं काढल्यावर तिला वर्गात घेतलं. मुलं तिला मिसेस एस म्हणत. तिच्याबद्दल आजवर एकही तक्रार नव्हती, आणि या गोष्टीचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

मकेदा ऑगस्टअखेर शाळेत आली. डब्यात नारळाच्या दुधातला भात आणि घेवडा आणायची. घरी मीठ जवळजवळ वापरत नाहीत म्हणाली. शरयूने तिला प्रेमाने लिंबाचं लोणचं पुढे केलं, तर पोरीने नुसता वास घेतला आणि हसत परत दिलं. दोघीही मांस न खाणाऱ्या, म्हणून एका टेबलाशी बसायला लागल्या. शरयूला ती आवडली होती. तिच्या जटांकडे मात्र ती रोज बघायची, आणि रोज काहीतरी गिळून टाकायची.

सप्टेंबरातल्या एका दुपारी जिमचा तास करून मकेदा आली ती मान चोळतच. “आज फार जड वाटतायत,” म्हणाली. झालं. शरयूने तिच्या मागे जाऊन जटेच्या मुळाशी बोटं घातली, उवा आहेत का, कातडी लाल झालीय का ते चाचपलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, “बाळा, तुला नको असतील तर सांग. मी कापून देते. काही होत नाही बघ, देव कोपत नाही. मी अकरा बायकांच्या कापल्यात.”

मकेदा डबा तिथेच टाकून उठली.

तिसऱ्या दिवशी मकेदाच्या वडिलांचा, मिस्टर रीड यांचा ईमेल मुख्याध्यापकांना आला. शाळेतल्या एका बाईने आपल्या मुलीच्या केसांना न विचारता हात लावला आणि ते कापायची धमकी दिली, असं त्यात होतं. मिस्टर रीड यांनी बडतर्फी मागितली नाही. त्यांची मागणी वेगळी होती. वर्गात या धर्माबद्दल नीट शिकवावं, शेवटच्या तासाला आपण स्वतः येऊ, आणि त्या बाईंनी तिन्ही तास बसावं. त्या मुलीच्या वर्गात राहतील की नाही ते मग सांगू.

“म्हणजे माझी परीक्षाच,” शरयू घरी म्हणाली.

“अगं, इथे कुणाच्या केसांना हात लावतात का?” मोरेश्वर लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला. “लॉसूट होईल यार. सॉरी म्हण आणि विषय क्लोज कर.”

“सॉरी म्हटलंय. पण धमकी? मी धमकी दिली?”

“त्यांना तशी वाटली ना. परसेप्शन असतं.”

“तुला माहितीये मी काय केलंय ते. तू तरी असं बोलू नको.”

मोरेश्वरला माहीत होतं. लग्न ठरवायला आला तेव्हा सासऱ्यांनी पोहे नंतर दिले, आधी तिचा त्या कामातला फोटो दाखवला.

शरयूची शांतामावशी मिरजेजवळच्या गावात राहायची. तिच्या केसांत गुंता झाला, तो सुटेना, म्हणून देवी आली असं ठरलं. त्या गुंत्याला नऊ वर्षं कात्री नाही, फणी नाही, पाणी नाही. शेवटी जट एवढी जड झाली, की मावशीला उताणं झोपता येईना आणि मान एका बाजूला कलली. सांगलीला कॉलेजात असताना शरयू जट काढणाऱ्या मुलींच्या गटात गेली. पाच जणींचा गट होता. मावशीची समजूत घालायला चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला मावशीने स्वतः पाट मांडला. जट काढल्यावर ती भर दुपारी उताणी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. शरयू तिच्या उशाशी बसून रडली होती. आयुष्यात एक काम चोख केलं असं तिला वाटायचं, ते हे. पुढच्या पस्तीसेक वर्षांत त्या तोडीचं दुसरं काही झालं नाही, हेही ती मनाशी कबूल करायची.

फोटोत ती बावीस वर्षांची आहे, हातात कापलेली जट, शेजारी एक बाई. ती मावशी नव्हे. ती अकरावी.

दुसरा तास मिसेस डिमार्कोंनी घेतला. रास्ताफारी जमैकातला धर्म. गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेलेल्यांच्या वंशजांनी स्वतःची मान ताठ ठेवायला उभा केलेला. इथियोपियाच्या सम्राटात ते देव बघतात. बायबलमध्ये एक व्रत आहे, ते घेणाऱ्याने डोक्याला वस्तरा लावायचा नाही, म्हणून बरेच जण जटा राखतात. सगळे राखतात असं नाही. जटा म्हणजे रोगही नाही आणि फॅशनही नाही.

शरयू मागच्या बाकावर बसून ऐकत होती. व्रत आणि भीती यांतला फरक तिला कळत नव्हता असं नाही. पण वस्तरा लावला तर देव रागावतो, हे तिने मावशीच्या सासूकडूनही ऐकलं होतं. मधल्या सुट्टीत ती हे मिसेस डिमार्कोंना सांगायला गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग फरक कशाने ठरवायचा?” शरयूने डस्टर उचललं. ती फळा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नंदाला फोन लावला. गटातली नंदा आता साताऱ्यात होती, निवृत्त शिक्षिका. तिकडे संध्याकाळ झाली होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“नंदा, अकरावी आठवते? फोटोतली?”

“कोण गं? जिच्या दिराने आपल्याला बोलावलं होतं ती?”

“तीच. नाव काय तिचं?”

“नाव... थांब हं. पारूबाई? नाही, ती सातवी. अगं, पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. एवढं आठवतंय, डोक्यावर हात गच्च धरून बसली होती आणि आपली एसटी साडेपाचची.”

“शेवटची होती.”

“हो ना. तू नि मी हात धरले, कुंदाने कापलं. आता कशाला उकरून काढतेस? चांगलंच केलं आपण. बाई सुटली.”

“गटाच्या अहवालात मी ‘आनंदाश्रू’ लिहिलं होतं.”

मागे पुन्हा शिट्टी झाली. “कुकर झाला गं, ठेवते,” नंदा म्हणाली.

बाकी दहा जणींची नावं शरयूला पाठ होती. गाडीत बसून शाळेपर्यंत ती एकेक म्हणत गेली. अकरावीपाशी येऊन थांबायची आणि पुन्हा शांतामावशीपासून सुरू करायची.

तिसऱ्या तासाला मिस्टर रीड आले ते कामाच्या निळ्या गणवेशात, डोक्यावर जटा झाकणारी मोठी विणलेली टोपी. माणूस उंच, आवाज मऊ. फळ्यावरच्या चिठ्ठ्या त्यांनी सगळ्या वाचल्या, सावकाश. वर्ग अवघडून बसला.

“चौदा,” ते म्हणाले. “गांजा हा शब्द जमैकाचा नाही बरं का. ऊस तोडायला भारतातून मजूर आणले, त्यांनी तो सोबत आणला. नाव मात्र आमचं झालं.” वर्गातली निम्मी मुलं भारतीय घरांतली, ती एकमेकांकडे बघून हसली. “आमच्यातले काही लोक प्रार्थनेत ओढतात. मी ओढत नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो. तुम्ही मॉलमध्ये ज्या लिफ्टने वर जाता तिचा दोर कदाचित मी तपासलेला असेल. तेव्हा तुम्हाला मी शुद्धीत असलेलाच बरा.”

वर्गातल्या निमिषने हात वर केला. “माझ्या आजीच्या फोनवर साधूंचे फोटो आहेत. त्यांचे हेअर सेम आहेत.”

“सेम दिसतात,” मिस्टर रीड म्हणाले. “ते का राखतात, हे त्यांना विचार. मी का राखतो, हे मला विचार.”

मग त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. जमैकात एके काळी पोलीस रास्ता माणसाला रस्त्यात धरत आणि त्याच्या जटा कापत. वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे. दोघांनी हात धरले, तिसऱ्याने कापलं. घरी आले तेव्हा ते कुणाशी बोलले नाहीत. कापणारे पोलीस आपापसांत म्हणत होते, की आता याला माणसात आणला.

दोघांनी हात धरले. शरयूच्या कानात ते वाक्य तसंच राहिलं. पुढचं काही तिला धड ऐकू आलं नाही.

“आणखी कुणाला काही विचारायचंय?” मिसेस डिमार्को म्हणाल्या.

खिडकीशी हात वर झाला. मकेदा या तीन तासांत पहिल्यांदाच बोलत होती आणि वडिलांकडे बघत नव्हती.

“मला मिसेस एसना विचारायचंय. तुम्ही म्हणालात, अकरा बायकांच्या कापल्या. त्यांना कापून हव्या होत्या का?”

बाकीच्या एकवीस मुलांनी माना मागे वळवल्या. मिसेस डिमार्को मध्ये पडायला पुढे आल्या, पण मिस्टर रीड यांनी हात जरासा वर केला आणि त्या थांबल्या.

हो म्हणणं सोपं होतं. मिरजेजवळचं ते गाव या वर्गातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. शिवाय हो हे जवळजवळ खरंच होतं. शरयू उठून उभी राहिली. मदतनीस उभी राहून उत्तर देत नाही, पण तिला बसून बोलता आलं नसतं.

“दहा जणींना हव्या होत्या,” ती म्हणाली. “त्यांना फार त्रास होत होता. जटा त्यांनी ठेवल्या नव्हत्या, लोकांनी ठेवायला लावल्या होत्या. पहिली माझी मावशी होती. त्या दहांबद्दल मी तुझी माफी मागणार नाही.”

“आणि अकरावी?”

“तिला विचारायला वेळ लागला असता. आमची शेवटची बस होती.”

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“मी तिचे हात धरले,” शरयू म्हणाली. “ती रडली. मी आनंदाचे अश्रू असं लिहून दिलं. तिचं नाव मला आठवत नाही. आणि तुझ्या केसांना हात लावला तेव्हा तुलाही विचारलं नाही. ते मी चुकले.”

मकेदाने मान हलवली, माफ केलं अशी नव्हे, ऐकलं अशी. मिस्टर रीड बराच वेळ शरयूकडे बघत राहिले. मग त्यांनी मिसेस डिमार्कोंशी हात मिळवला आणि कामावर निघून गेले. शरयूने चिठ्ठ्या उतरवून पाकिटात भरल्या. कोरी चिठ्ठी सगळ्यात वर राहिली.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी तिला बोलावून सांगितलं, की मिस्टर रीड यांचा एका ओळीचा ईमेल आलाय. ‘त्यांना राहू द्या.’ कारण दिलेलं नव्हतं. मोरेश्वरने त्या दिवशी बाहेर जेवायला नेलं आणि विषय क्लोज झाला असं जाहीर केलं. फोटो शरयूने फेकला नाही. पूर्वी तो हॉलमध्ये होता, आता तिने आपल्या कपाटात ठेवला.

मकेदा मधल्या सुट्टीत त्या टेबलाशी पुन्हा बसली नाही. तिला आता मैत्रिणी होत्या. शरयूला वाईट वाटायचं, पण जेवताना मुलीने मदतनिसाशी बसणं ही काही शाळेची रीत नव्हे, हेही तिला पटत होतं.

डिसेंबरात एकदा सायन्स लॅबच्या तासाआधी शरयू दारात उभी होती. लॅबमध्ये मोकळे केस चालत नाहीत. मकेदा आली, खांद्यावर लांब हिरवा कपडा आणि दातांत मोठी पिन. दोन्ही हात जटा गोळा करण्यात अडकले होते. तिने आजूबाजूला पाहिलं. मैत्रिणी आत गेल्या होत्या. मग तिने पिन काढून शरयूपुढे केली.

“ही धरता?”

शरयूने तळहात पुढे केला. मकेदाने त्यावर पिन ठेवली आणि कपडा गुंडाळायला लागली. एक फेरा, दुसरा फेरा. एक जट निसटली, तिने सगळं सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तासाची घंटा झाली. लॅबमधून सरांनी दोनदा हाक मारली.

 तळहात तसाच उघडा धरून शरयू उभी राहिली.