मधला माणूस

घरात तिला टकळी म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हे. पाहुणे चपला घालून दारात उभे राहिले तरी हिचं बोलणं संपत नसे. अशी मुलगी कोरियन शिकायला परदेशात निघाली, तेव्हा मामांना मोठाच दिलासा मिळाला. "निदान आता काय बोलते ते कळणार तरी नाही," असं ते म्हणाले आणि तिला विमानतळावर सोडायला आनंदानं गेले.

तिकडे दुभाष्यांच्या वर्गाला एक बाई होत्या. हातात कायम पेन्सिल. दुभाष्यानं "ते म्हणतात" असं म्हणायचं नाही, बोलणाऱ्याच्या जागी बसून "मी" म्हणायचं, हा त्यांचा नियम. पदरचं अक्षर घालायचं नाही, दुसऱ्याचं गाळायचं नाही, आणि स्वतःचं मत आलंच तर गिळायचं. चुकलं की टेबलावर पेन्सिल वाजे. टकळीनं पहिल्या सहामाहीत इतकं गिळलं, की वसतिगृहाचं जेवण नसतं तरी भागलं असतं. शेवटी सरावात तिनं "मी माझ्या बायकोला कंटाळलोय" हे वाक्य चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगितलं, तेव्हा बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ती त्यांची शाबासकी.

घरी परतली ती वेगळीच. प्रवास कसा झाला, असं आईनं विचारलं, तर "बरा" म्हणाली आणि थांबली. आईनं कपाळाला हात लावून ताप पाहिला. शिक्षणानं माणूस गंभीर होतो, असा शेजारच्या काकूंनी निर्वाळा दिला. काकूंचा मुलगा वर्षानुवर्षं कॉलेजात असून अजून खिदळत होता, पण ते असो.

नोकरी लागली ती बाबांच्याच पंपाच्या कारखान्यात. तो एका कोरियन कंपनीनं विकत घेतला होता आणि नव्या साहेबाला दुभाषा हवा होता. बाबा जुळणी विभागाचे सुपरवायझर. आता तिथे नवं यंत्र येणार होतं, दोन सुपरवायझरांपैकी एकच राहणार होता आणि दुसऱ्याची रवानगी गोदामात होणार होती. गोदाम म्हणजे जिवंतपणी अडगळीत जाणं, असं बाबांचं मत. तरी गडी निर्धास्त होता. "आपलीच पोरगी मधे बसलीय," ते आईला म्हणाले, "घरचा वकील." नातं साहेबाला कळू द्यायचं नाही, असं मात्र त्यांनी लेकीला बजावलं होतं. वशिला दिसू नये आणि लागू मात्र व्हावा.

साहेबानं बाबांना केबिनमध्ये बोलावलं आणि नवं यंत्र शिकायची तयारी आहे का, एवढंच विचारलं. बाबा खुर्चीत ऐसपैस बसले, साहेबाकडे पाहून गोड हसले आणि लेकीला म्हणाले, "या दीडशहाण्याला म्हणावं, पंप कसा जुळवतात ते आधी माझ्याकडून शीक. यंत्राचं मग बघू. तू जरा गोडात घालून सांग हं."

पण ज्या जिभेला बाईंनी वळण लावलं होतं, ती टकळीची उरलीच नव्हती. तिनं सगळं सांगितलं. दीडशहाणा सांगितला, आणि गोडात घालायची सूचनाही सांगितली.

साहेब सावकाश बोलला. टकळी बाबांकडे वळली.

"पंप तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, हे खरं आहे. पण ज्याला शिकायचंच नाही, त्याच्या हाती यंत्र देता येणार नाही. तुम्ही गोदाम सांभाळा. मी तसं ठरवलंय."

बाबांचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. "हे कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं. "तू की तो?"

प्रश्न बाबांचा होता आणि नियम नियम होता. तिनं तोही साहेबाला सांगितला. साहेब गोंधळला, पण त्यानं उत्तर दिलं.

"मीच ठरवलंय," टकळी बाबांना म्हणाली.

संध्याकाळी बाबा बाहेरच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात, आणि दोन्हींच्या मधल्या दारात आई. भिंत एवढी पातळ की पलीकडे कुणी खोकलं तरी ऐकू यावं.

"तिला विचार, जेवणार आहे का," बाबा म्हणाले.

आई आत वळली. "बाबा म्हणतायत, दिवसभर उपाशी असशील, जेवून घे आधी."

टकळीनं चूक बरोबर पकडली. पदरचं घातलं होतं, ढीगभर. तिला रडू आलं आणि रागही आला. ती म्हणाली, "त्यांना सांग, मी फक्त माझं काम केलं."

आई बाहेर वळली. "ती म्हणते, बाबा, चुकलं माझं."

बाबांनी दोन्ही वाक्यं ऐकली होती. टकळीनंही. दुरुस्ती दोघांपैकी कुणीच केली नाही.

"ताट वाढ म्हणावं," बाबा म्हणाले.